केल्याची जाण

कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन सुरू झालं की मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागतात. मांडववाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतली जात असतात आणि ऐकायला थांबतात फक्त ते, ज्यांचं नाव अजून यायचं असतं. आपण आभार मानण्यात कद्रू आहोत असं नाही. तोंडी आभारांवर आपला फारसा भरवसा नाही, एवढंच. आईने ताटात गरम भाकरी टाकल्यावर ‘मी तुझा आभारी आहे’ म्हणणाऱ्या मुलाच्या कपाळाला आधी हात लावून पाहिला जाईल. त्या जागी आपल्याकडे वेगळा शब्द आहे. जाण. केल्याची जाण ठेवायची. ‘त्याला जाण नाही’ असं एखाद्याबद्दल घरात बोललं गेलं की त्यावर अपील नसतं.

हा शब्द मला नव्याने आठवला तो एका छापील वहीमुळे. पाच वर्षांपूर्वी भाचीने ती वाढदिवसाला दिली. जाड पुठ्ठा, वर सोनेरी पान, आणि रोजच्या पानावर एकच प्रश्न : आज तुम्ही कोणत्या तीन गोष्टींबद्दल कृतज्ञ आहात? पहिला आठवडा मी मन लावून लिहिलं. अकराव्या दिवशीच्या पानावर ‘तब्येत, घरची माणसं, चहा’ असं आहे. बाराव्या दिवशी ‘वरीलप्रमाणे’. आयुष्यभर कारकुनी केल्याचा परिणाम.

अशा वह्यांमागे संशोधन आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2003 सालचा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांचे गट पाडले. एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञ वाटावं अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांत पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी असल्याचं दिसलं. पुढे सोन्या ल्युबोमिरस्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. म्हणजे माझं ‘वरीलप्रमाणे’ हा माझ्या एकट्याचा दोष नव्हता. नंतर अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडणाऱ्यांना परिणाम आढळला तो माफकच.

माझी अडचण परिणाम थोडा की फार, ही नाही. या सगळ्या मोजणीत मोजलं जातं ते लिहिणाऱ्याला किती बरं वाटलं ते. तब्येत कुणाची? माझी. घरची माणसं कुणाची? माझीच. चहाही मीच प्यालो. तो कुणी केला हे पानावर नाही. अकरा दिवसांची ती यादी म्हणजे माझ्या मालमत्तेची पाहणी होती. आपली जुनी रोजनिशी याहून प्रामाणिक असायची. रोजनिशीतला ‘निशी’ हा चिटणीस-फडणीसांतल्या ‘नीस’चा भाऊबंद, फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, त्याच्याकडून आलेला. दफ्तरातल्या जमेच्या नोंदीत रक्कम असे तसा देणाराही असे. अमुक इतके आले, अमक्याकडून आले. ‘कडून’ गाळून जमा धरता येत नाही.

माझ्या वहीत हा ‘कडून’ शिरला तो फाल्गुनात. मागच्या दाराशी मधुमालतीचा वेल आहे, त्याला जळमटांचा, वाळक्या सालपटांचा एक गोळा लोंबत होता. पाडव्याच्या आधीची साफसफाई काढलेली, म्हणून मी लांब दांड्याचा झाडू घेऊन गेलो आणि गोळा हलला. आतून एक बारीक बाकदार चोच बाहेर आली. शिंजीर. त्या रात्री छापील प्रश्नाखाली मी लिहिलं : ‘कचरा नव्हे, घरटं आहे. मादी एकटीच आणते. कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं चोचीने सोडवून नेते. नर जवळच्या तारेवर बसून नुसता ओरडतो.’ तीन ओळींची जागा भरली होती, मात्र त्यात मी कृतज्ञ असल्याचा उल्लेख नव्हता. मला तसं काही वाटलंही नव्हतं. मी बघण्यात गुंतलो होतो.

पुढचे पाच आठवडे वहीत दुसरं काही नाही. ती किती वेळाने उठते, कुठे जाते, पिल्लं निघाल्यावर नरही चारा आणू लागला तो कोणत्या दिवशी. मग एके सकाळी घरटं रिकामं. आणि कधीतरी लक्षात आलं की मागच्या भिंतीवरची जळमटं मी काढलेली नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं. कोळ्याचं जाळं म्हणजे कुणाच्या तरी घराचा धागा, हे एकदा कळल्यावर हात आपोआप थांबला. (जळमटं पक्ष्यासाठी राहिली की आळसापायी, यावर घरात दोन मतं आहेत.)

मला वाटतं, कृतज्ञता ही याच क्रमाने येते. आधी कळतं, मग वागणं बदलतं, आणि वाटायचं असलं तर ते सावकाश मागून येतं. शब्दातच हे सांगून ठेवलेलं आहे. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. उलट शब्द कृतघ्न, केलेल्याचा घात करणारा. एकीकडे ज्ञान, दुसरीकडे नाश. वाटण्याबिटण्याचा दोन्हीकडे पत्ता नाही. आपण हल्ली कृतज्ञतेला भावनांच्या खात्यात टाकलं आहे आणि ती मनात उमलेल म्हणून रोज रात्री वाट बघत बसतो. ती जाणिवेच्या खात्यातली गोष्ट आहे. जे माहीतच नाही त्याची जाण कशी असणार?

आपले सण या बाबतीत मोठे शहाणे होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी करतात. वर्षभर जू बसून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. इथे आभार नेमक्या जागी पोचतात. जिथे भार पडला तिथेच हात फिरतो. हा नेमकेपणा त्या माणसाला वर्षभर बैलाबरोबर राबल्यामुळे मिळालेला असतो. ते राबणं सुटलं आणि सण मागे राहिला, की काय होतं तेही आपण बघतो. वटपौर्णिमेला शहरात वडाच्या फांद्या तोडून बाजारात येतात आणि घरोघरी त्यांची पूजा होते. ज्या झाडाचं आयुष्य आपल्या माणसाला लाभावं म्हणून व्रत, त्याचंच आयुष्य त्या दिवशी कमी करायचं. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं खपतात. दोघांचंही पान जोडपान, त्यामुळे घेणाऱ्याला फरक कळत नाही आणि विकणारा सांगत नाही. सोनं म्हणून आपण जे वाटतो ते अनेकदा भलत्याच झाडाचं असतं, आणि ओरबाडली जातात दोन्ही.

पत्ता चुकण्याचं याहून गोड उदाहरण सुगरणीचं आहे. खोपा म्हटला की आपल्याला बहिणाबाई आठवतात आणि पिलांसाठी घर विणणारी आई डोळ्यांसमोर येते. पक्ष्याचं नावच मुळी बाईचं. प्रत्यक्षात विणणारा नर असतो. ही भानगड नीट उलगडली ती आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला. 1930 साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली जर्मनीतून शिकून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी बंद झालेली. नोकरी नाही, म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला मुक्काम. तिथे सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्याचे ते महिने त्यांनी तिच्यासमोर बसून काढले, आणि दिसलं ते असं. नर खोपा अर्धा विणतो. माद्या येऊन पाहणी करतात. एखादीने पसंत केला की तो पुरा करतो आणि ती अंडी घालायला लागली की हा दुसऱ्या खोप्याला आणि दुसऱ्या मादीच्या शोधाला लागतो. एकनिष्ठ संसाराचं आपलं चित्र त्यात बसत नाही. पण खोप्याचं श्रेय ज्याचं त्याला मिळालं, आणि बेकारीतल्या त्या महिन्यांतून पक्षिशास्त्राला एक नवी गोष्ट मिळाली. सालिम अलींनी त्या दिवसांत स्वतःबद्दल काय काय लिहून ठेवलं असतं, याचा मी कधी कधी विचार करतो. दुःखाची यादी करायला तेव्हा त्यांच्याकडे पुरेसा मजकूर होता.

नोंदी ठेवणाऱ्यांत आपल्या अगदी जवळचे मारुती चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले. वनखात्यातली नोकरी करता करता त्यांनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार. शब्द कळल्यावर डोक्यावरच्या झाडात वसाहत दिसू लागते, नाहीतर खाली उभ्या केलेल्या गाडीवरचे डागच तेवढे दिसतात. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे ‘जंगलाचं देणं’. मराठीत ‘देणं’ म्हणजे कुणी दिलेलं आणि ‘देणं’ म्हणजे आपण फेडायचं राहिलेलं. एकाच शब्दात दान आणि कर्ज. भाषेनेच हिशेब जुळवून ठेवला आहे, वेगळी कृतज्ञतेची वही कशाला हवी, असंही मला एकदा वाटून गेलं.

आता एक हरकत, जी मला स्वतःलाच बराच काळ सतावत होती. कृतज्ञ राहा, हा उपदेश आपल्याकडे नेहमी वरून खाली जातो. मालक गड्याला सांगतो, सासर सुनेला सांगतं. उपकाराच्या ओझ्याखाली माना वाकवून ठेवण्याची कला आपल्या समाजाला पिढ्यान्पिढ्या अवगत आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला दिला होता. स्वाभिमान गमावून कुणा माणसाने, शील गमावून कुणा स्त्रीने, स्वातंत्र्य गमावून कुणा राष्ट्राने कृतज्ञ राहू नये, असा त्याचा आशय. आपल्या देशात या इशाऱ्याची जास्त गरज आहे, असंही त्यांनी बजावलं होतं. ‘जे आहे त्यात समाधान मान’ असं कुजबुजणाऱ्या कुठल्याही वहीला हे उत्तर पुरेसं आहे. पगार थकलेल्या माणसाने रात्री तीन आशीर्वाद मोजावेत, असं मी सांगणार नाही.

म्हणूनच मला झाडापाखरांची नोंद बरी वाटते. शिंजीर माझ्याकडून मान वाकवण्याची अपेक्षा ठेवत नाही. तिला मी आहे हेसुद्धा फक्त झाडूच्या टोकापुरतं माहीत. आणि केलेलं नीट जाणणारा माणूस मुकाट बसत नाही. काय होतं हे तारखेनिशी ठाऊक असेल तर काय नाहीसं झालं हेही तारखेनिशी कळतं. ‘पूर्वी खूप चिमण्या होत्या’ ही हळहळ झाली. ‘मागच्या प्लॉटवर दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीला परीट पक्षी येत, प्लॉटमध्ये भराव पडल्यापासून आले नाहीत’ ही तक्रार झाली. तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. 2010 पासून चालू असलेल्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं आणि मोठी माणसं एक झाड निवडून दर आठवड्याला पालवी, फूल, फळ टिपतात. ऋतू सरकतात का, हे अशाच कंटाळवाण्या नोंदींतून समजू शकतं. तिथेही ‘कसं वाटलं’ असा रकाना नाही.

वेळ कुणाला आहे, हा प्रश्न खराच आहे. मला निवृत्तीनंतर मिळाला. पण पावशाच्या ओरडण्यावरून पेरणीची तयारी धरणाऱ्या, कावळ्याने घरटं कुठे बांधलं यावरून पावसाचा अंदाज करणाऱ्या माणसांकडे कुठे फुरसत होती? त्यांचे अंदाज चुकत असतील, पण त्यांचं लक्ष असायचं. माझ्या वहीतल्या नोंदी आता दोन ओळींच्या वर जात नाहीत. ‘पिंपळ तांबूस.’ ‘बुचाची फुलं रस्त्यावर, पहिला सडा.’ ‘दयाळ, पहाटे सव्वापाच.’ छापील पानं केव्हाच संपली. हल्ली वाण्याकडची लांबडी वही वापरतो.

गल्लीच्या टोकाला एक काटेसावर आहे. गेल्या वर्षी डिसेंबरात तिच्या बुंध्यावर उद्यान विभागाचा कागद दिसला. रस्ता रुंद करायचा होता. शहरांतल्या झाडांसाठी आपल्या राज्यात 1975 चा कायदा आहे. झाड पाडण्याआधी नोटीस लावावी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. अशा हरकती बहुधा शाळेतल्या निबंधासारख्या लिहिल्या जातात, झाडे आपले मित्र वगैरे. मी वही उघडली. चार वर्षांतल्या पहिल्या फुलाच्या तारखा, मधासाठी येणाऱ्या चौदा पाखरांची नावं, कावळ्याची दोन घरटी, एवढं उतरवलं आणि पानांच्या झेरॉक्स जोडल्या. सुनावणी झाली. टेबलापलीकडच्या माणसाने यादीतल्या हळद्याच्या नावाशी बोट ठेवून विचारलं, हा पिवळा असतो तो का? रस्त्याच्या बाजूच्या तीन फांद्या गेल्या, झाड राहिलं. माझ्या वहीमुळे राहिलं की ठेकेदाराचं बिल अडकलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

तुमच्या रस्त्यावरच्या एखाद्या झाडाला असा कागद चिकटवलेला दिसला तर थांबून त्यावरची तारीख वाचा. हरकतीची मुदत थोडी असते.