रबिनालचा राजगिरा

आपण उपासाला ज्याच्या लाह्या आणि वड्या खातो, तो राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. ग्वाटेमालातल्या रबिनालच्या डोंगराळ भागात आची माया या आदिवासी समाजाचे शेतकरी आज तो पुन्हा लावू लागले आहेत. दाणा मोहरीहून बारीक. पण वाळलेलं कणीस हातावर चोळून पाखडलं की एकेका झाडाचे हजारो दाणे निघतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, आणि पाऊस ओढ देतो तेव्हाही झाड तग धरतं. ज्या देशात पाच वर्षांखालच्या जवळजवळ निम्म्या मुलांची वाढ कुपोषणानं खुंटली आहे, तिथे असं पीक परसात असणं ही मोठीच गोष्ट.

पण बियाणं टिकवणं तिथे सोपं नव्हतं. १९६० ते १९९६ या काळात ग्वाटेमालात यादवी युद्ध झालं. दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. १९८२च्या सुमारास लष्करानं माणसं तर मारलीच, वर घरं, उभा मका आणि साठवलेलं धान्यही जाळलं. साठवलेल्या धान्यातच पुढच्या हंगामाचं बियाणं असतं.

त्याहून खोल घाव वेगळाच होता. लष्करानं गावकऱ्यांनाच सक्तीनं गस्ती तुकड्यांत भरती केलं. १३ मार्च १९८२ रोजी रिओ नेग्रो गावातल्या १७७ बायका-मुलांची कत्तल झाली, तेव्हा सैनिकांबरोबर शेजारच्या शोकोक गावचे गस्तीवालेही होते. बियाणं संपलं की शेतकरी शेजाऱ्याच्या दारात जातो. पण शेजाऱ्याचीच भीती वाटत असेल, तर त्यानं कुठे जायचं?

म्हणूनच रबिनालच्या ‘काचू आलोम’ संस्थेचं काम मला फार मोलाचं वाटतं. तिच्यात बायकाच अधिक, आणि कित्येकजणी त्या हिंसेतून वाचलेल्या. त्या राजगिऱ्यासह गावरान बियाणं जपतात, वाटतात, रासायनिक खतांवाचून शेती कशी करायची ते एकमेकींना शिकवतात. मका, त्यावर चढणारा घेवडा आणि खाली पसरणारा भोपळा ही त्यांची जुनी मिश्र शेती. घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं ओल धरून ठेवतात. नवी महाग अवजारं नकोत, कर्ज नको. ज्या माणसांनी सगळं गमावलं, त्यांना आपल्या हातांत काहीतरी आहे ही जाणीव अशा शेतीतूनच येते.

तरी बियाण्याला जमीन लागते. रिओ नेग्रोतून वाचलेल्यांना रबिनालजवळच्या पाकुश वसाहतीत आणून बसवलं, तिथे कसायला पुरेशी जमीनच नव्हती. रिओ नेग्रोसह चिशॉय धरणामुळे उठवलेल्या समाजांना भरपाई द्यायचं सरकारनं मान्य केलं ते थेट २०१४ साली. त्यांची नदीकाठची सुपीक जमीन आजही त्या धरणाच्या पाण्याखाली आहे.