रोवणीच्या दिवसांतली साधना

गोंदिया जिल्ह्यात आषाढ पौर्णिमा येते ती धानाची रोवणी सोबत घेऊन. पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, चिखलणी झालेल्या बांधीत दिवसभर वाकून लावायचे. नेमक्या याच दिवसांत बौद्ध वस्त्यांमधल्या विहारांत वर्षावास सुरू होतो. संध्याकाळी त्रिशरण-पंचशील होतं, मग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची पुढची पानं वाचली जातात. आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, हे वाचन चालतं. ऐकणाऱ्यांत बाया जास्त. त्यांतल्या कितीतरी जणी मजुरीवरून परतून, हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून आलेल्या. विपश्यनेविषयी आज एवढं लिहिलं-बोललं जातं, पण त्यात या बाईचा विचार क्वचितच दिसतो. मला वाटतं, विपश्यनेची जागा तिच्या या संध्याकाळीच आहे.

वर्षावासाचा उगमही शेतीच्या हंगामातच आहे. विनयपिटकात त्याची हकिगत येते. भर पावसात भिक्षू चारिका करत फिरत, तेव्हा लोक कुरकुरू लागले, की हे श्रमण हिरवी रोपं-गवत तुडवतात, बारीक जीव मारतात. बुद्धांनी लोकांचं म्हणणं मानलं आणि पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावं असा नियम केला. धानाच्या बांधीतून जाताना धुऱ्यावरूनच चालावं लागतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इगतपुरीहून देशभर पसरलेल्या विपश्यनेची परंपराही धानाच्या शेतातून गेली आहे, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचं उरलेलं राज्य घेतलं, धम्माला आधार देणारा राजा गेला. अशा काळात लेडी सयाडो या विद्वान भिक्षूंनी ठरवलं की ध्यानाची विद्या विहाराच्या भिंतींत कोंडून ठेवायची नाही, गृहस्थांनाही द्यायची. त्यांचे शिष्य सया तेजी हे रंगूनजवळच्या खेड्यातले शेतकरी. तरुणपणी त्यांनी भाताच्या गिरणीत हिशेबनिसाचं काम केलं होतं. पटकीने मुलं गेली आणि दुःखाचा शोध घ्यायला ते बाहेर पडले. पुढे त्यांनी आपल्या गावातच लोकांना ध्यान शिकवलं. त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले, आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये ही विद्या घेऊन भारतात आले. 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे ध्यानकेंद्र सुरू झालं. म्हणजे या साखळीत एक शेतकरी आहे, एक सरकारी अधिकारी आहे, एक व्यापारी आहे. ज्या जिल्ह्यात धान पिकतं आणि शहरात भाताच्या गिरण्या चालतात, तिथल्या माणसाला ही साखळी परकी वाटायचं कारण नाही.

तरी ती परकी वाटते, आणि त्याला कारण वेळ आणि मजुरी. शिबिर दहा दिवसांचं. पहाटे चारला उठायचं, मौन पाळायचं, पहिले तीन-साडेतीन दिवस केवळ श्वासावर लक्ष आणि मग अंगावरच्या संवेदना पाहायच्या. फी नाही, जेवणाखाण्याचे पैसे नाहीत. सगळं दानावर चालतं. ही फार मोठी गोष्ट आहे. पण रोजंदारीवर जगणाऱ्या बाईचा खर्च तिथे सुरूच होत नाही, तो तिच्या घरी होतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला विपश्यनेसाठी रजेची सवलत आहे. रोवणी करणारीला कसली रजा? दहा दिवसांची बुडालेली मजुरी, घरची लेकरं, म्हातारे. साधनेची दारं सर्वांना उघडी असूनही आत जाणाऱ्यांत नोकरदार आणि पेन्शनर जास्त दिसतात, याचं उत्तर श्रद्धेत शोधू नये.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आंबेडकरी कार्यकर्ते विचारतात, आमच्या माणसाला डोळे मिटून बसायला का सांगता? हा प्रश्न रास्त आहे, कारण या भागाने संघर्ष पाहिला आहे. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेला उभे होते आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. त्यानंतर अडीच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी विचारलं आहे, की भिक्षू कशासाठी? स्वतःला पूर्ण करण्यासाठी की समाजाची सेवा करण्यासाठी? आणि 29 सप्टेंबर 2006 ला शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, खैरलांजीत, एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं मारली गेली. मागे शेतातल्या वाटेचा वाद होता, आणि त्याच्याही मागे जात. ज्या मातीत हे घडलं, तिथे कुणी ‘संवेदनांकडे समतेने पाहा’ एवढंच सांगून थांबत असेल, तर त्याला धम्म कळलेला नाही.

पण समता म्हणजे अन्याय गिळणं, हे मला मान्य नाही. याचं उत्तर बाबासाहेबांच्या ग्रंथातच आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही कथा त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, सिद्धार्थाने शाक्यांच्या संघात युद्धाला उघड विरोध केला, बहुमत विरुद्ध गेलं आणि त्याने परिव्रज्या पत्करली, अशी मांडणी त्यांनी केली. त्याआधी धर्मानंद कोसंबींनीही ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात गृहत्यागाचं मूळ माणसामाणसांतल्या कलहात शोधलं होतं. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून, धुऱ्याच्या वीतभर जागेवरून भावाभावांत कुऱ्हाडी निघतात हे पाहिलेल्या शेतकऱ्याला हा बुद्ध लगेच ओळखू येतो. सर्वांविरुद्ध एकट्याने उभं राहायचं आणि तरी मनात वैर येऊ द्यायचं नाही, हे मनाच्या तयारीशिवाय जमत नाही. ती तयारी हीच विपश्यना.

तिची प्रक्रिया अगदी साधी आहे. कुणी अपमान केला, की आधी छाती तापते, कानशिलं गरम होतात, श्वास अडतो. शब्द आणि हात त्यानंतर चालतात. या दोहोंमध्ये एक क्षण असतो. तो ज्याला दिसला, त्याला पुढे काय करायचं ते निवडता येतं: तक्रार नोंदवायची, मोर्चा काढायचा, कोर्टात जायचं किंवा गप्प राहायचं. ज्याला तो क्षण दिसत नाही, त्याचा राग संध्याकाळी दारूत आणि बायकोवर निघतो. आपल्या चळवळीत किती फुटी पडल्या, किती चांगली माणसं एकमेकांचं तोंड पाहीनाशी झाली, ते सर्वांना माहीत आहे. अष्टांग मार्गातली सम्यक स्मृती म्हणजे मनाची सततची जागृती, असं बाबासाहेबांनी सांगितलं. ती वाचून येत नाही, सरावाने येते.

सरावाचा वेगळा मार्गही जवळच आहे. याच जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ, प्रतापगडच्या परिसरात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. देश गमावलेली ही माणसं धम्म घेऊन आली. त्यांची पद्धत वेगळी, ग्रंथ वेगळे. त्यांच्या परंपरेत वादविवाद हासुद्धा साधनेचा भाग. आपल्या विहारांनी त्यांच्याशी अधिक जाणं-येणं ठेवायला हवं होतं.

आता वर्षावासाच्या शेवटाबद्दल, कारण मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. आश्विन पौर्णिमेला भिक्षुसंघात पवारणा होते. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्षू एकमेकांसमोर बसतात आणि प्रत्येक जण संघाला विनंती करतो, की माझ्या हातून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तुम्हाला तशी शंका असेल, तर माझ्यावर दया करून सांगा. सुरुवात सगळ्यात ज्येष्ठ भिक्षूपासून होते. आजच्या साधकाच्या हाती मोबाइलवरचं ध्यान आहे, त्यात तो एकटाच असतो. मन शांत झालं की नाही हेही तोच ठरवतो. पवारणा हे मान्य करत नाही. स्वतःला डोळे मिटून जे दिसत नाही ते शेजारच्याला दिसतं, आणि ते त्याला विचारावं लागतं. विहार समितीचे अध्यक्ष वर्षातून एकदा वस्तीसमोर बसून असं विचारू लागले, तर त्या वस्तीत काय बदलेल याचा विचार करून पाहा. नवऱ्याने बायकोला विचारलं तर?

विहार समित्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या आषाढ पौर्णिमेपासून ग्रंथवाचनाच्या आधी वीस मिनिटं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव, ठेवा. गावात किंवा तालुक्यात शिबिर केलेलं कुणीतरी जुने साधक असतातच, त्यांना बसायला बोलवा. वेळ रोवणीवरून परतणाऱ्या बायांना विचारून ठरवा, नोकरदारांच्या सोयीने नको. ज्यांना पुढे दहा दिवसांना जायचं आहे, त्यांच्यापैकी रोजंदारीवरच्या निदान दोघींची बुडणारी मजुरी वस्तीच्या वर्गणीतून द्या. जयंतीच्या डीजेला आपण याहून जास्त पैसे देतो.