दार असलेला सावकार, दार नसलेला सावकार

श्रीलंकेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच हंबनटोटा बंदराचं नाव येतं. चीनने कर्ज दिलं, ते फेडता आलं नाही, म्हणून चीनने बंदर घेतलं. मध्यंतरी एका व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने मला विचारलं, "चीनकडून घेतलं नसतं तर ते वाचले असते ना?" ते उत्तर तिथे देता आलं नाही, कारण प्रश्नच चुकीच्या सावकाराबद्दल होता.

2017 मध्ये हंबनटोटा 99 वर्षांसाठी एका चिनी कंपनीकडे गेलं आणि सुमारे 112 कोटी डॉलर आले. हे पैसे बंदराच्या कर्जात वळते झाले नाहीत, ते परकीय गंगाजळीत जमा झाले. कर्ज सरकारच्या अंगावर तसंच राहिलं. म्हणजे ही जप्ती नव्हती. डॉलरची चणचण होती, म्हणून घरातली वस्तू काढली. बंदर तोट्यात होतं आणि ते बांधण्याचा निर्णय शहाणपणाचा नव्हता, हे मी नाकारत नाही. चीनच्या करारांमधली गुप्तताही मला मान्य नाही. पण संकट आलं तेव्हा सरकारच्या विदेशी कर्जातला चीनचा वाटा, सगळं धरून, साधारण एक पंचमांश होता. त्याहून कितीतरी मोठा, तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा होता. 2007 पासून श्रीलंका हे रोखे काढत होती.

2019 मधली करकपात आणि 2021 मधली रासायनिक खतांवरची बंदी यांनी घाव खोल केला, हे खरं. पण संकट कधी यावं हे त्यांनी ठरवलं, कसं यावं हे नव्हे.

रोख्याचं व्याज दर सहा महिन्यांनी भरलं, तरी मुद्दल मुदतीअखेर एका दिवशी सगळंच्या सगळं उभं राहतं. 18 जानेवारी 2022 ला श्रीलंकेने असे 50 कोटी डॉलर चुकते केले. मार्चमध्ये पश्चिम प्रांतातल्या शाळांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद आणि शाई मिळत नव्हती. 12 एप्रिलला सरकारने विदेशी कर्जाची परतफेड थांबवली. तोवर पेट्रोलच्या रांगेत माणसं मरत होती. जानेवारीत ते 50 कोटी हातात ठेवले असते तर, हा प्रश्न मला सोडत नाही.

सावकारासावकारांमधला मला महत्त्वाचा वाटतो तो फरक वेगळाच आहे. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जखतं जाळली. मी त्याचं समर्थन करत नाही, पण त्यांना घर ठाऊक होतं. पुढे 1879 च्या कायद्याने न्यायालयाला खतामागे जाऊन मूळ देण्याघेण्याचा हिशोब तपासायचा अधिकार दिला. देशाच्या सरकारने घेतलेल्या, म्हणजे सार्वभौम, कर्जाला असा कायदा नाही, असं न्यायालयही नाही. एक सरकार दुसऱ्या सरकारचं देणं लागतं, तेव्हा निदान राजदूत असतो, भेट मागता येते. भारताने 2022 मध्ये इंधन, औषधं, खतं यांसाठीची धरून सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत दिली, आणि जानेवारी 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला कर्जफेरआखणीचं आश्वासन सर्वांत आधी दिलं. चीनचं तोंड उघडायला वेळ लागला, पण ते तोंड कुठे आहे हे माहीत होतं. आर्थिक मुत्सद्देगिरी चालते ती अशा ठिकाणी. रोखे मात्र हातोहात विकले जातात. काल ज्याने विकत घेतला तो आज धारक, आणि त्याला शेजारधर्म नाही, पुढच्या निवडणुकीची काळजी नाही.

कर्जफेरआखणीचा क्रम पाहा. भारत, जपान, फ्रान्स यांच्या पुढाकाराने बनलेल्या धनको देशांच्या समितीशी आणि चीनच्या एक्झिम बँकेशी जून 2024 मध्ये करार झाले. रोखेधारकांशी व्यवहार पूर्ण व्हायला डिसेंबर 2024 उजाडला, आणि त्यांना मिळालेल्या नव्या रोख्यांपैकी काहींत एक कलम आहे: श्रीलंकेची अर्थव्यवस्था अंदाजापेक्षा जास्त वाढली, तर धारकांना जास्त पैसे द्यायचे. हंबनटोटावर आपल्याकडे इतकं लिहिलं गेलं. या कलमाबद्दल मी अजून मराठीत एक ओळ वाचलेली नाही.