आकृतीवाचून तर्क

गोल टेबलाभोवती आठ जण. अ-ला ब शेजारी नको, क मात्र ड-च्या समोरच हवा. बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांना ही मंडळी घरच्या पाहुण्यांइतकी ओळखीची! अमेरिकेत कायद्याच्या प्रवेशासाठी होणाऱ्या एलसॅट परीक्षेत अशा कोड्यांचा स्वतंत्र विभागच होता. कागदावर आकृती काढायची, अटी मांडायच्या, अशक्य ते खोडत जायचं, ही सोडवण्याची नेहमीची रीत. पण ज्याला दिसतच नाही, त्यानं आकृती काढायची कशी? दृष्टिहीन परीक्षार्थी न्यायालयात गेले. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग गेला. मला तरी हे योग्य वाटतं; वकिलाला अशिलाची बाजू मांडायला टेबलाचं चित्र लागत नाही. कोड्यांच्या शौकिनांना जुन्या प्रश्नपत्रिका आहेतच की!