मेजवानी, मोकळीक आणि प्रीती

नाताळ किंवा लग्नसराई जवळ आली की गोव्यातील आणि गोव्याबाहेर स्थायिक झालेल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांतून एक चौकशी सुरू होते : अख्खे भाजलेले डुकराचे पिलू कोठे मिळेल? या पदार्थाला गोव्यात 'लैतांव' म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे व त्याचे मूळ दुधाशी निगडित आहे. कारण हे पिलू आईच्या दुधावर वाढलेले, काही आठवड्यांचेच असते. पोटात सारण भरून, कातडी कुरकुरीत होईपर्यंत ते सावकाश भाजावे लागते. घरच्या चुलीवर हे साधत नाही. मोठी भट्टी व सरावाचा हात लागतो, म्हणून आगाऊ सांगून ठेवावे लागते. पोर्तुगालमधील मेआल्यादा व स्पेनमधील सेगोव्हिया ही गावे तर याच पदार्थासाठी प्रसिद्ध आहेत. सेगोव्हियात पिलू इतके मऊ भाजतात की ते सुरीऐवजी बशीच्या कडेने कापून दाखवण्याची रीत आहे.

वरवर पाहता हा केवळ रुचीचा विषय आहे. परंतु जे अन्न एकाला सणाचे वाटते तेच शेजाऱ्याला निषिद्ध वाटते, तेथे ते मेजावर मांडण्यापूर्वी ख्रिस्ती मनुष्याने थोडा विचार करणे योग्य ठरते.

लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात डुकराचे मांस अशुद्ध ठरवले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत, यापो येथे पेत्राला दृष्टांत झाला आणि शुद्ध-अशुद्धाची ती भिंत कोसळली. आपण खाण्याच्या मोकळिकीसाठी या दृष्टांताचा आधार घेतो, आणि तो घेण्यास हरकत नाही. पण पेत्राने स्वतः त्याचा अर्थ काय लावला? तो उठून कर्नेल्य या परराष्ट्रीय शताधिपतीच्या घरी गेला. कोणाही मनुष्याला अशुद्ध म्हणू नये, हे त्याला उमगले होते. म्हणजे ही मोकळीक मिळाली ती पंक्ती वाढावी म्हणून. तिच्याच जोरावर आपण कोणाला पंक्तीतून उठवू लागलो, तर दृष्टांत उलटा वाचला असे होईल.

इतिहासात तो तसा वाचला गेला आहे. 1492 साली स्पेनमधून यहुद्यांना हाकलण्यात आले आणि 1497 साली पोर्तुगालमध्ये त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करण्यात आला. पुढे या नवख्रिस्ती घरांवर पाळत राहिली, आणि डुकराचे मांस टाळणे ही संशयाची एक खूण ठरली. 1560 साली गोव्यात स्थापन झालेले व 1812 साली कायमचे बंद झालेले धर्मन्यायालय याच परंपरेतले. प्रभूने ज्या गोष्टीचे ओझे उतरवले तिचीच मनुष्यांनी कसोटी बनवली. याउलट पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी शाकाहार सोडला नाही. त्यामुळे त्यांच्या ख्रिस्तनिष्ठेत काही उणे पडले, असे कोण म्हणेल?

मग हा पदार्थ आपण टाकून द्यावा काय? तसेही नाही. आपल्या देशात डुकरे पाळणाऱ्या व खाणाऱ्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या हीन लेखण्यात आले आहे. मिझोराम, नागालँड, मेघालय येथील आपल्या ख्रिस्ती बंधुभगिनींच्या घरी हे मांस आपुलकीने वाढले जाते; महानगरांत शिकायला आलेल्या त्यांच्या मुलांना मात्र त्यावरून टोमणे ऐकावे लागतात. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल दोन्ही बाजूंना बजावतो : खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. यातील एकच अर्धे पाळून भागत नाही.

म्हणून पाहुण्यांसाठी एखादा पदार्थ बाजूला ठेवताना आपला हेतू तपासावा. प्रीतीपोटी केलेला संयम आणि लाजेपोटी केलेली लपवाछपवी बाहेरून सारखीच दिसतात. शेजाऱ्याला जेवताना संकोच वाटेल काय, असे प्रीती विचारते. आपल्याला कोणी हलके तर समजणार नाही ना, असे लाज विचारते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. निराळे मेज, निराळी भांडी व पळ्या ठेवाव्यात. कोणत्या पदार्थात डुकराची चरबी आहे ते न विचारता सांगावे. शाकाहारी अन्नही तितक्याच मनापासून रांधावे. ते उरल्यासुरल्याची सोय म्हणून नसावे. जेथे पाहुणे थोडे आणि मेज एकच, तेथे पिलाचा बेत दुसऱ्या दिवसावर ढकलल्याने विश्वासाचे काही नुकसान होत नाही.

आणखी एक गोष्ट. या पदार्थात प्राण्याचे डोके, कान, पाय सारे समोर असते. कित्येकांना ते पाहवत नाही. परंतु तुकडे करून आणलेले मांसही एका जिवाचेच असते. अख्खे पिलू ते सत्य झाकत नाही, इतकेच. नोहाला मांस खाण्याची परवानगी मिळाली, ती रक्ताची मर्यादा घालून. नियमशास्त्रात नवजात पिलाला सात दिवस आईपाशी राहू द्यावे, आई व पिलू यांना एकाच दिवशी कापू नये, असेही सांगितले आहे. हे नियम गाई-मेंढरांविषयीचे असले, तरी त्यांतील कोवळीक आपल्यालाही लागू आहे. दूधपित्या जिवाचे अन्न केवळ थाट म्हणून मागवणे आणि अर्धे टाकून देणे हे उपकारस्तुती करणाऱ्याला शोभत नाही.

तेव्हा पिलू कोठे मिळेल, याची चौकशी खुशाल करावी. मात्र भट्टीवाल्याला निरोप धाडण्यापूर्वी त्या दिवशी आपल्या मेजावर कोण कोण बसणार आहे, हेही एकदा मोजावे. सर्वांना पोटभर आणि निःसंकोच जेवता आले, तर ती मेजवानी प्रभूच्या नावाला साजेल.