उद्यांवरची हुंडी

भाईंदर स्थानकाच्या पूर्वेस जेसल पार्क नांवाची वस्ती आहे. तिच्या टोंकाला वसईची खाडी लागते, आणि सायंकाळीं आम्ही तिच्या कांठीं फिरावयास जातों. गेल्या माघांत तेथें आमच्या शेजारचा एक तरुण भेटला. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध त्याला चैत्रांत द्यावयाचा होता. 'लिहून किती झालें?' असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, 'वाचन पुष्कळ झालें आहे, काका. लिहिण्याला मात्र अजून मन लागत नाहीं. पुढच्या आठवड्यापासून नेटानें बसणार आहें.' हें उत्तर ऐकून आम्हांस हसूं आलें आणि लगेच लाजही वाटली. कारण प्रस्तुतचा लेख लिहून देण्याचें आम्हीं कबूल केलें, त्यास त्या दिवशीं तीन महिने झाले होते.

वेळेचें नियोजन हा विषय बहुधा घड्याळाचा आणि तक्त्यांचा समजला जातो. आमच्या मतें तो मूलतः नीतीचा आहे. 'पुढच्या आठवड्यापासून' असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां आपण एका मनुष्यावर हुंडी लिहून देत असतों. तो मनुष्य म्हणजे पुढच्या आठवड्यांतील आपणच. परंतु त्याची संमति आपण घेतलेली नसते. त्याच्यापाशीं आजच्याहून अधिक तास असतील, त्याचें डोकें दुखणार नाहीं, त्याच्या घरीं पाहुणे येणार नाहींत, असें आपण गृहीत धरतों. तो आठवडा उजाडतो, आणि हुंडी वटवावयास जो उभा राहतो, तो आपल्याइतकाच थकलेला व आपल्याइतकाच निर्धन निघतो. दुसऱ्या कोणावर असा बोजा टाकावयास आपण धजलों नसतों.

हा दोष केवळ आळशांचा आहे असें मात्र समजूं नये. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन व मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, पदवीचा प्रबंध लिहीत असलेल्या ३७ विद्यार्थ्यांची हकीकत आहे. प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असें विचारतां त्यांचा सरासरी अंदाज सुमारें ३४ दिवसांचा निघाला. सर्व गोष्टी होतील तितक्या प्रतिकूल झाल्या तर किती दिवस लागतील, या प्रश्नाला उत्तर आलें सुमारें ४९. प्रत्यक्षांत लागले सरासरी ५५ हून अधिक! संकटें जमेस धरूनही हिशेब चुकला. अंदाज करितांना आपण पुढील कामाचें चित्र मनांत रंगवितों. मागच्या खेपेस काय झालें, तें आठवीत नाहीं. तेव्हां उद्योगी व आळशी यांच्यांतील फरक अंदाजाच्या अचूकपणांत शोधण्यांत अर्थ नाहीं.

तो कशांत आहे हें पाहावयाचें असेल, तर महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचें उदाहरण घ्यावें. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या प्रस्तावनेदाखल धर्मशास्त्राच्या इतिहासाचें थोडें दिग्दर्शन करावें, एवढाच त्यांचा मूळ बेत होता. त्या बेतांतून 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' हा पांच खंडांचा ग्रंथ निघाला. पहिला खंड १९३० सालीं बाहेर पडला, तेव्हां काण्यांचें वय ५० होतें, आणि मुंबईस त्यांची वकिली चालूच होती. शेवटचा भाग १९६२ सालीं आला, तेव्हां ते ८२ वर्षांचे होते. अंदाजांत इतका चुकलेला विद्यार्थी सांपडणें कठीण! परंतु १९४१, १९४६, १९५३ असे मधले खंड ते वाचकांच्या हातीं देत गेले. काम वाढलें, झालेलें काम कपाटांत राहिलें नाहीं. पदवीच्या विद्यार्थ्यास विषय वाढूं देण्याची मोकळीक नसते, त्यानें तो छाटून लहानच केला पाहिजे. पण झालेलें प्रकरण, कच्चें असलें तरी, मार्गदर्शकाच्या हातीं ठेवणें हा धडा त्यासही लागू आहे. दिलेलें पान म्हणजे फेडलेलें ऋण. उद्यांच्या मनुष्यावरचा तेवढा भार उतरतो.

येथें एक आक्षेप आम्हींच स्वतःवर घेतला पाहिजे. स्वतंत्र खोलींत बसून शिस्तीचा उपदेश करणें सोपें आहे. आमचा हा तरुण सकाळच्या गर्दीच्या लोकलनें मुंबईस जातो, सायंकाळीं शिकवण्या करून घरखर्चास हातभार लावतो, आणि एका खोलीच्या घरांत सगळे निजल्यावर त्याला टेबल मिळतें. त्यानें वेळ दवडला असें म्हणतां येत नाहीं; तो त्याला मिळालाच नाहीं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें २०२० सालीं चार वर्षांच्या पदवींत संशोधनाची वाट उघडली, ही गोष्ट चांगली झाली; पण प्रबंध मागणाऱ्यांनीं प्रकरणागणिक मुदत घालून द्यावी आणि आलेलें लिखाण वेळेवर वाचावें, हेंही त्यांचें कर्तव्य ठरतें. तथापि आक्षेप मान्य करूनही आमचें म्हणणें उरतेंच. ज्याच्यापाशीं वेळ थोडा, त्यालाच उद्यांवरची हुंडी अधिक महाग पडते.

राहिला प्रश्न मन लागण्याचा. भाईंदरचीं मिठागरें जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत. मिठागरांत खपणारा मनुष्य मीठ दिसल्यावर कामास लागत नाहीं. बांध नीट करणें, भरतीच्या वेळीं पाणी आंत घेणें, तें वाफ्यांत पसरूं देणें, एवढें त्याचें काम. पुढें ऊन आपलें काम करितें आणि मीठ धरतें. उमेदीचेंही असेंच आहे. ती आधीं येईल आणि मग आपण लिहूं, असें मानणारा कोरड्या वाफ्यापाशीं मिठाची वाट पाहत बसतो.

हें सर्व आम्हीं त्या तरुणास सांगितलें नाहीं. 'उद्यां सायंकाळीं दोन पानें घेऊन ये, कशींही असोत. आम्हीही आमचीं दोन आणूं,' एवढेंच म्हणालों. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे खाडीच्या कांठीं दिव्याखालीं बसलों. त्याचीं पानें चांगलीं नव्हतीं आणि आमचींही नव्हतीं. पण तीं होतीं, म्हणून त्यांतील चुका एकमेकांस दाखवितां आल्या.