चाळलेली माती

बर्लिनच्या राइशटागवर, म्हणजे जर्मन संसदभवनावर, १९१६ साली अक्षरं बसवली गेली: ‘जर्मन जनांना’. मूळ शब्द ‘फोल्क’. कोलोनमध्ये जन्मलेल्या हान्स हाके या कलावंताला तो खुपत होता. त्या शब्दाला रक्ताचा, वंशाचा वास आहे, आणि नाझींनी त्याचं काय केलं हे जगाने पाहिलं आहे. हाकेंनी संसदेपुढे वेगळंच मांडलं. इमारतीच्या उत्तरेकडच्या चौकात एक प्रचंड लाकडी वाफा करायचा. प्रत्येक खासदाराने आपल्या मतदारसंघातली पन्नास किलो माती त्यात आणून ओतायची. मधोमध निऑनची अक्षरं: ‘डेअर बेफ्योल्करुंग’, इथे राहणाऱ्या सगळ्यांना. खुरपणी करायची नाही, जे उगवेल ते उगवू द्यायचं. संसदेत खडाजंगी झाली. ५ एप्रिल २००० रोजी प्रस्ताव २६० विरुद्ध २५८ मतांनी कसाबसा तरला.

यापुढची गोष्ट मी रचलेली आहे.

एका खासदाराने गावातल्या म्हाताऱ्या बागवानाकडे माती मागितली. म्हातारा हरखला. तीन पिढ्यांची बाग! दोन दिवस बसून त्याने माती चाळली. खडे, मुळ्या, गवताचं बी, गांडुळंसुद्धा वेचून टाकली. संसदेत जायची होती ना.

कुंपणापलीकडचा शेजारी बघत होता. तुर्कस्तानातून कारखान्यात कामाला आलेला, तीस वर्षांपासून तिथेच. त्या वर्षी त्याला नात झाली, ती जन्मतःच जर्मन नागरिक. १ जानेवारीपासून कायदा बदलला होता. तो स्वतः मात्र कागदोपत्री परकाच. दोघांच्या बागांचं खत एकाच खड्ड्यात कुजायचं.

त्याने आपल्या वाफ्यातली माती ओंजळीत पुढे केली. “हीपण घालता का?”

“राहू द्या. ही आमची माती आहे.”

जर्मनमध्ये ‘आमचं’ आणि ‘आपलं’ दोन्हींना ‘उन्झर’ हा एकच शब्द. पण म्हातारा काय म्हणाला ते शेजाऱ्याला नेमकं कळलं. ओंजळ त्याने आपल्याच वाफ्यात रिकामी केली.

दोन वर्षांनी म्हातारा बर्लिनला गेला. वरच्या मजल्यावरून वाकून बघू लागला. गवत, रानफुलं, कोवळी झुडपं. अक्षरांच्या कडा पानांत बुडालेल्या. आपली काळीभोर, स्वच्छ माती तो शोधत राहिला. उघडी अशी वीतभर जागाही दिसेना.

“आमची माती कुठे पडली?” त्याने तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं.

“ते आता कसं सांगणार, आजोबा? पाऊस झाला, मुळं पसरली.”

तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. सोबतचे लोक पुढे निघून गेले.

घरी परतला तेव्हा शेजारी वाफ्यात वाकलेला होता. “दिसली का तुमची माती?”

म्हातारा कुंपणाशी आला. “उगवलीय,” तो म्हणाला, “आपली माती.”

जर्मनमध्ये शब्द तोच होता. शेजाऱ्याने खुरपं खाली ठेवलं आणि फाटक उघडलं.